जाड टायर आणि बारीक तार

मुलुंडला आमच्या शेजारच्या चाळीत एक तरुण राहतो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, माणच्या बाजूला. गावी आई आहे आणि दोन एकर कोरडवाहू जमीन. तो इथे घरोघर सामान पोचवण्याचे काम करतो. त्यासाठी त्याने एक जुनी विजेची सायकल विकत घेतली. तिचे टायर चांगले चार इंच रुंद. बघणारा म्हणेल, ह्या टायरला काय होणार? पण गेल्या पावसाळ्यात ह्याच सायकलीने त्याला रडकुंडीला आणले. एका महिन्यात पाच वेळा पंक्चर!

पंक्चर म्हणजे नुसता पंक्चरचा खर्च नव्हे. तेवढा वेळ काम बंद. सामान उशिरा पोचले की गिऱ्हाईक रागावते, कमाई बुडते. त्या महिन्यात आईला पैसे अर्धेच गेले.

एका संध्याकाळी तो सायकल ढकलत माझ्या दारी आला. म्हणाला, "गुरुजी, विकून टाकतो ही ब्याद. आणि तो कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, तोच रस्त्यात खिळे टाकत असणार बघा."

मी विचारले, "टाकताना पाहिलंस का?"

"पाहिलं नाही."

"मग आधी ट्यूब पाहू. माणसाला नावं मागाहून ठेवू."

चाकात हवा कशाला?

आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते. धावेला काटा टोचत नाही. पण दगडावरून चाक गेले की हाडे खिळखिळी होतात. म्हणून माणसाने चाकात हवा भरली. थॉमसन नावाच्या माणसाने १८४५ साली हवेच्या चाकाचा हक्क नोंदवला, पण ते फार चालले नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट शहरात डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले. ते चालले, आणि जगभर पसरले. ऊस वाहणाऱ्या रबरी चाकांच्या गाडीला आपण 'डनलॉप' म्हणतो, ते ह्याच नावावरून. मुंबईत १९५८ साली सिएट ही टायरची कंपनी निघाली. तिचा कारखाना आमच्या शेजारी भांडुपला उभा राहिला.

वजन उचलते ती आतली हवा. टायर म्हणजे त्या हवेचे पोते. हवा पुरेशी नसेल तर पोते लोळागोळा होते.

हा हिशेब करून पाहा. मागच्या चाकावर ७० किलो भार आहे. हवा २० पौंड आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.४ किलो दाब. ७० ला १.४ ने भागा. उत्तर ५०. म्हणजे ढोबळमानाने ५० चौरस सेंटिमीटर टायर जमिनीला टेकतो. आता हवा निम्मी करा, १० पौंड. टेकणारी जागा दुप्पट होते, १०० चौरस सेंटिमीटर. जितकी जागा जास्त, तितक्या काचा आणि तारा टायरखाली येणार. शिवाय टायर दबतो. खड्ड्यात आपटला की ट्यूब रिम आणि रस्ता ह्यांच्यामध्ये चिमटते. मग साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

ट्यूब काय सांगते?

आम्ही ट्यूब बाहेर काढली. तिच्यावर चार जुनी ठिगळे होती. चारही व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर, एकमेकांना खेटून, आणि चारही बाहेरच्या अंगाला, म्हणजे टायरला टेकणाऱ्या बाजूला. पाचवे भोक नवे होते आणि तेही तिथेच.

मी म्हणालो, "रस्त्यात खिळे टाकले असते तर भोके चहूकडे पडली असती. ही एकाच जागी का?"

त्याने जरा विचार केला. म्हणाला, "म्हणजे टोचणारं टायरमध्येच बसलंय!"

आम्ही एक फडके घेतले आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवले. नुसते बोट कधी फिरवू नका, कापते. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर फडके अडकले. तिथे केसाएवढी बारीक पोलादी तार होती. ट्रकच्या टायरमध्ये पोलादी तारांचे जाळे असते. टायर फुटला की त्या तारांचे तुकडे रस्त्यावर पडतात. लालबहादूर शास्त्री मार्गावर ट्रकची रहदारी मोठी. पावसाचे पाणी असले तुकडे रस्त्याच्या कडेला आणते, आणि सायकलवाला कडेनेच जातो. ओले रबर कोरड्यापेक्षा लवकर चिरतेही. म्हणून पावसाळ्यात पंक्चर जास्त.

चिमट्याने तार उपटली. पाच पंक्चरांचे मूळ ते एवढेसे!

पंक्चर कसे काढावे?

१. आधी सायकलची वीज बंद करा. बॅटरी काढता येत असेल तर काढून ठेवा.

२. अशा सायकलीची मोटर बहुधा मागच्या चाकातच असते. ठिगळ लावायला चाक काढण्याची गरज नाही. चाक जमिनीपासून उचलून धरा. टायरची एकच बाजू रिममधून सोडवा आणि ट्यूब बाहेर ओढा.

३. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती बादलीतल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा.

४. ती खूण टायरच्या कोणत्या जागी येते ते पाहा. तिथे फडके फिरवा. टोचणारी वस्तू काढल्याशिवाय ट्यूब परत घालू नका.

५. भोकाभोवतीची जागा पुसून कोरडी करा. पॉलिश कागदाने घासा. सुलोशनचा पातळ हात द्या. मग पाचेक मिनिटे थांबा. सुलोशन सुकल्यावरच ठिगळ चिकटते. ओल्यावर लावलेले ठिगळ चार दिवसांत सुटते. ठिगळ लावून चांगले दाबा.

६. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून ती टायरमध्ये बसवा. टायर शक्यतो हातानेच चढवा. व्हॉल्व्ह सरळ उभा आहे ना, ते पाहा. मग पंप मारा.

ट्यूबच बदलायची असेल तर चाक काढावे लागते. तेव्हा आधी मोटरच्या तारेचा जोड सुटा करा. नट आणि वायसर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोनवर फोटो घ्या, आणि त्याच क्रमाने परत घाला. नट घट्ट आवळा. ते ढिले राहिले तर मोटरच्या जोराने आसच फिरतो आणि तार पिळून तुटते. ह्या कामाची सवय नसेल तर जाणत्या कारागिराकडेच जा.

भोक दुसरीकडे असेल तर?

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला असेल, तर रिमपट्टी सरकली आहे असे समजा. पट्टी नीट बसवा किंवा बदला.

व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल, तर हवा कमी होती असे समजा. कमी हवेत मोटर टायरला ओढते, टायर रिमवर सरकतो, आणि व्हॉल्व्ह उपटला जातो. तिथे ठिगळ टिकत नाही. ट्यूब नवीच घ्यावी.

टायर झिजून आतले धागे दिसू लागले, तर नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही. टायर बदला.

टायरमध्ये घालायचे दुधासारखे पातळ औषध बाजारात मिळते. बारीक भोके ते आपोआप बुजवते. पण चिमटलेल्या ट्यूबला किंवा मोठ्या चिरेला त्याचा उपयोग नाही.

टायरवरचे आकडे वाचा

मी त्याला टायरच्या अंगावरची अक्षरे दाखवली. २० आणि ४ असे आकडे होते. चाक २० इंची, टायर ४ इंच रुंद. ट्यूबही तेवढीच हवी. अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये ताणली जाऊन पातळ होते. पुढे पी.एस.आय. ही अक्षरे आणि ३० हा आकडा होता. म्हणजे ३० पौंडांच्या वर हवा भरू नये. खड्डे लागू नयेत म्हणून हा गडी बोटाने दाबून अंदाजाने हवा ठेवी. मोजली तर अवघी ८ पौंड भरली! आता तो दर रविवारी मापाच्या पंपाने मोजतो आणि २० पौंड ठेवतो.

अक्षरओळख नुसती पत्र वाचण्यापुरती नाही, ती इथेही कामाला येते.

दुसऱ्या दिवशी तो ती तार घेऊन पंक्चरवाल्याकडे गेला. पंक्चरवाला म्हणाला, "दादा, तुम्ही येता तेच घाईत. लवकर लावा, लवकर लावा म्हणता. टायर आतून पुसून बघायला वेळ कुठं देता?"

हा गडी मान खाली घालून उभा राहिला. मग दोघांनी एक कटिंग चहा वाटून घेतला.

दिवाळीनंतर सायकल एकदा पुन्हा पंक्चर झाली. चाक म्हटले की पंक्चर यायचेच. पण ह्या खेपेला त्याने आधी टायर आतून पुसून पाहिला. काचेचा तुकडा निघाला. अर्ध्या तासात तो पुन्हा रस्त्याला लागला. सायकल अजून त्याच्याकडेच आहे, आणि आईचे पैसे दर महिन्याला पुरे जातात.