रस्त्यात थांबलेली मोटार : वाहनधारकाने काय जाणावे?

विरार स्थानकाच्या पश्चिमेकडून निघणारा रस्ता बोळींज, आगाशी या गावांतून अर्नाळ्याच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जातो. केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडे आणि सुकेळी यांसाठी प्रसिद्ध असलेले आगाशी हे सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठीही नावाजलेले होते. समुद्रात गलबत लोटण्यापूर्वी दोर, शीड आणि सुकाणू तपासून पाहण्याची शिस्त या किनाऱ्याला नवी नाही. आज येथील वाड्यांतून गलबतांऐवजी मोटारी उभ्या दिसतात. मात्र ती जुनी शिस्त मोटारीच्या बाबतीत क्वचितच पाळली जाते.

याचे परिणाम नेमके अवेळी जाणवतात. पावसाळ्याची मध्यरात्र असते, घरातील वृद्धाच्या छातीत कळ येते आणि शेजारच्या घरची मोटार बाहेर काढायची असते. किल्ली फिरविताच इंजिन चालू होण्याऐवजी नुसते ‘टक टक’ ऐकू येते. वाडीतील एक मोटार ही बहुधा चार घरांची आधारवाहिनी असते. तिचा बिघाड ही केवळ मालकाची गैरसोय राहत नाही. कोणाच्या तरी जीविताशी तिचा संबंध येतो. यास्तव मोटारीच्या विद्युतयंत्रणेची प्राथमिक माहिती प्रत्येक वाहनधारकास असणे अगत्याचे आहे. रुग्ण आणि बिघाड ही दोन्ही संकटे एकाच वेळी समोर उभी राहिल्यास प्रथम १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावे व मगच बॉनेट उघडावे, हा पहिला नियम होय.

विद्युतयंत्रणेचे तीन घटक

प्रारंभीच्या मोटारी हँडल फिरवून चालू कराव्या लागत. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर बसविण्यात आला आणि हँडलचे कष्ट हळूहळू संपले. तथापि त्याबरोबरच मोटार बॅटरीवर अवलंबून राहू लागली.

आजच्या मोटारीची विद्युतयंत्रणा मुख्यतः तीन घटकांवर उभी आहे. पहिला घटक बॅटरी. ती साधारणपणे १२ व्होल्टची असून तिच्यात सहा कप्पे असतात. दुसरा घटक स्टार्टर, म्हणजेच बोलीभाषेतील ‘सेल्फ’. इंजिनास पहिली गती देण्यासाठी तो काही क्षण शंभराहून अधिक अँपियर प्रवाह खेचतो. तिसरा घटक अल्टरनेटर. इंजिन चालू झाल्यावर पट्ट्याच्या साह्याने तो फिरतो, दिव्यांना वीज पुरवितो आणि बॅटरी पुन्हा भरतो.

दोनतीनशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरने या यंत्रणेचे आरोग्य घरबसल्या तपासता येते. मोटार काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दाब दिसल्यास ती पूर्ण भरलेली आहे असे समजावे. हा आकडा १२ च्या आसपास असल्यास बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावयास हवा. तसा नसल्यास दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये, त्याच्या पट्ट्यात किंवा जोडणीत असण्याचा संभव असतो. हे न पाहता केवळ नवी बॅटरी विकत घेणारा वाहनधारक चार दिवसांनी पुन्हा त्याच जागी अडकतो.

किनाऱ्यावरील विशेष शत्रू

आगाशी, अर्नाळा, राजोडी या भागात समुद्राची खारी हवा विद्युतजोडण्यांस बाधक ठरते. बॅटरीच्या टोकांवर पांढरट किंवा हिरवट थर साचतो आणि बॅटरी उत्तम असूनही प्रवाह पुढे जात नाही. असा थर दिसल्यास इंजिन बंद करून प्रथम ऋण टोक व नंतर धन टोक सोडवावे. गरम पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या ब्रशने टोके स्वच्छ करावीत, पुसून कोरडी करावीत आणि जोडताना प्रथम धन व शेवटी ऋण टोक घट्ट करावे. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. ऋण टोक आधी सोडविण्याचे कारण साधे आहे. मोटारीचा संपूर्ण सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो. धन टोक सोडविताना पाना चुकून सांगाड्यास टेकला तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतील आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने दीर्घ काळ धुऊन वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

वाड्यांतील दुसरा शत्रू म्हणजे उंदीर. पावसाळ्यात इंजिनच्या उबेसाठी ते बॉनेटखाली शिरतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. झाडांखाली अनेक दिवस उभ्या राहिलेल्या मोटारीचे बॉनेट प्रवासापूर्वी उघडून पाहणे हाच यावरील सोपा उपाय होय.

लक्षणांवरून निदान

किल्ली फिरविल्यावर घडणाऱ्या गोष्टी नीट पाहिल्यास निम्मे निदान जागीच होते. समोरील दिवे मंद होऊन ‘टक टक’ आवाज येत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके सैल आहेत. दिवे प्रखर असूनही सेल्फ फिरत नसेल तर स्टार्टर, त्याची जोडणी किंवा गिअरची स्थिती तपासावी. स्वयंचलित गिअरची मोटार ‘पी’ किंवा ‘एन’ स्थितीतच चालू होते, तर अनेक नव्या मोटारींत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ लागत नाही. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नसेल तर बॅटरी निर्दोष असून इंधनपुरवठा, प्रज्वलन किंवा एखादा फ्यूज याकडे लक्ष द्यावे. कोणत्याही परिस्थितीत सेल्फ दहा सेकंदांहून अधिक काळ सतत लावू नये. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे.

बटणाने चालू होणाऱ्या मोटारीत किल्लीतील लहान सेल संपल्यामुळेही गाडी निपचित पडते. अशा वेळी किल्ली बटणाजवळ धरून पाहावी. दार उघडण्यासाठी त्याच किल्लीत लपविलेली धातूची किल्ली असते, ही गोष्ट अनेकांना ऐन वेळी आठवत नाही.

प्रवासात बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा लागल्यास बॅटरी भरण्याचे काम थांबले आहे असे समजावे. वातानुकूलन, रेडिओ यांसारखी अनावश्यक उपकरणे बंद करून जवळच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचावे. त्याच वेळी तापमानाचा काटाही चढत असेल तर पट्टा तुटला असण्याची शक्यता असते. अनेक मोटारींत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पंप फिरवितो. म्हणून गाडी ताबडतोब थांबवावी.

फ्यूज हा पहारेकरी आहे

वायरीतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागला की फ्यूज स्वतः जळतो आणि वायर वाचवितो. त्याची क्षमता रंगावरून ओळखता येते : १० अँपियरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, तर ३० चा हिरवा. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा. अधिक क्षमतेचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चांदीचा कागद लावणे म्हणजे पहारेकऱ्यास बाजूस सारून घरात आग घेणे होय. नवा फ्यूजही लगेच जळाल्यास दोष वायरींग वा उपकरणात आहे. तेथे प्रयोग थांबवून कारागिरास दाखवावे. बाजारातून जादा दिवे व भोंगे बसवून घेताना मूळ वायरी कापून केलेल्या जोडण्यांमुळेही असे दोष उद्भवतात.

उसनी वीज घेताना

बॅटरी उतरल्यास दुसऱ्या मोटारीच्या बॅटरीवरून केबलच्या साह्याने इंजिन चालू करता येते. मात्र याचा क्रम काटेकोरपणे पाळला पाहिजे. दोन्ही मोटारी एकमेकींना टेकू न देता जवळ उभ्या कराव्यात व बंद कराव्यात. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास व दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावे. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास जोडावे आणि शेवटचे टोक बंद मोटारीच्या इंजिनवरील, बॅटरीपासून दूर असलेल्या, रंग नसलेल्या धातूच्या भागास लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो. शेवटची ठिणगी त्यापासून दूर उडावी हा यातील हेतू आहे. त्यानंतर चांगली मोटार चालू करून काही मिनिटांनी दुसरी चालू करावी व केबल उलट क्रमाने काढाव्यात.

महामार्गावर मदतीस धावून येणारा बहुधा ट्रकचालक असतो. त्याचा हेतू चांगला असला तरी बहुतेक मोठ्या ट्रकांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिच्यावरून मोटारीस वीज देऊ नये. मोटारीतील इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात निकामी होऊ शकतात. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून ‘चार्जिंग’ पाहण्याची जुनी सवयही याच कारणास्तव सोडून द्यावी. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरच्या मोटारीत ती घातक ठरते. धक्का देऊन गाडी चालू करण्याचा उपाय केवळ हाताने गिअर बदलण्याच्या मोटारींपुरताच आहे. इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग जड होतात, हे ध्यानी ठेवून तो मोकळ्या व सपाट जागीच करावा.

पाण्यात अडकलेली मोटार

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यातील वसई तालुक्याला सखल जमीन, भरती आणि अतिवृष्टी यांच्या संगमाचा अनुभव वारंवार येतो. जुलै २०१८ मधील पावसात वसई, नालासोपारा, विरार परिसर जलमय झाला आणि अनेक वाहने पाण्यात उभी राहिली. अशा वेळी होणारी मोठी हानी बहुधा पाण्यामुळे नव्हे, तर मालकाच्या उतावळेपणामुळे होते. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्यास पाणी इंजिनच्या सिलिंडरमध्ये खेचले जाते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. परिणामी आतील दांडे वाकतात. म्हणून सेल्फ लावू नये. पाणी ओसरल्यावर ऋण टोक सोडवावे आणि मोटार टोचन करून कार्यशाळेत न्यावी. इंजिनच्या अशा हानीसाठी विमापत्रात स्वतंत्र संरक्षण घेतले आहे किंवा कसे, हे मे महिन्यातच पाहून ठेवणे हिताचे. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी रंगाच्या केबलमधून शेकडो व्होल्टचा दाब वाहतो. त्यांना मालकाने कधीही हात लावू नये.

महामार्गावरील शिस्त

आगाशीहून निघालेला वाहनधारक विरार ओलांडून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गास लागला की परिस्थिती पालटते. तेथे बिघाडापेक्षा मागून वेगाने येणारे वाहन अधिक धोकादायक असते. मोटार शक्य तितकी डावीकडे घ्यावी व चारही इंडिकेटर चालू करावेत. सर्व प्रवाशांना डाव्या बाजूने उतरवून संरक्षक कठड्यापलीकडे उभे करावे. परावर्तक त्रिकोण मोटारीच्या मागे किमान पन्नास पावलांवर, वेगवान मार्गावर त्याहूनही दूर ठेवावा. दिवे पूर्ण बंद पडले असल्यास अंधारात पुढे जाण्याचे धाडस करू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांस धोका होईल अशा स्थितीत वाहन रस्त्यावर सोडण्यास मनाई आहे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि सर्वसाधारण आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

बॉनेटमधून धूर दिसल्यास इंजिन बंद करून सर्वांनी तत्काळ दूर व्हावे. बॉनेट पूर्ण उघडल्यास आगीस हवा मिळते. सामान काढण्यासाठी परत फिरू नये. १०१ वर अग्निशमन दलास कळवावे.

अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास पोलीस चौकशीची भीती वाटत असे. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात समाविष्ट झालेल्या कलम १३४ (अ) अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्या नागरिकास कायद्याचे संरक्षण देण्यात आले आहे. ही माहिती गावोगावी पोहोचणे आवश्यक आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

टॉर्च, दहा नंबरचा पाना, फ्यूजचा संच, केबल, त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी एवढे साहित्य डिकीच्या एका कोपऱ्यात मावते. ग्रामपंचायतींनी व प्रभागांनी रात्री उपलब्ध होणारे कारागीर, टोचन वाहने आणि रुग्णवाहिका यांची यादी दर्शनी फलकावर लावल्यास ऐन वेळची धावपळ वाचेल. पाणी साचणाऱ्या रस्त्यांवर खोली दर्शविणारे खांब उभारणे हे अल्प खर्चाचे काम आहे. शिक्षकांना सेल, तार व लहान दिवा घेऊन फ्यूजचे कार्य वर्गात सहज दाखविता येईल. त्या वर्गातील मूलच घरी जाऊन वडिलांना तांब्याची तार लावू देणार नाही.

मोटार दुरुस्त करणे हे कारागिराचे काम आहे आणि ते त्याच्याकडेच राहावे. मात्र काय करू नये, कोठे थांबावे आणि कोणास हाक मारावी, एवढे ज्ञान मालकाकडे असलेच पाहिजे. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून घालविलेली दहा मिनिटे एखाद्या मध्यरात्री शेजारच्या घरातील माणूस वाचवू शकतात.