सुखुमवितच्या कडेकडेने

पट्टायात कायमचा राहायला आलेला परदेशी माणूस पहिल्या महिन्यात फ्लॅट बघतो, स्कूटर घेतो, रोजच्या जेवणाची जागा ठरवतो. हॉस्पिटल मात्र बघून ठेवत नाही. निवृत्त होऊन समुद्रकाठी आल्या आल्या आयसीयू कुठे आहे याची चौकशी कोण करेल? मग एखाद्या पहाटे छातीत कळ येते. शेजारी गाडी काढून नेईल ते हॉस्पिटल आणि ते सांगेल तो आकडा, अशी गत होते.

खरं तर शोधायला अवघड काही नाही. बँकॉकहून निघून कंबोडियाच्या सीमेकडच्या त्रातपर्यंत जाणारा सुखुमवित महामार्ग पट्टायाच्या पाठीमागून जातो आणि या भागातली बरीच मोठी हॉस्पिटलं त्याच्या आसपासच आहेत. उत्तरेला सी राचा, दक्षिणेला सट्टाहीप, दोन्ही तासाभराच्या आत. बँकॉक दीडशे किलोमीटर.

गावात विचारलं तर पहिलं नाव निघतं नाक्लुआच्या बाजूच्या बँकॉक हॉस्पिटल पट्टायाचं. हृदयविकार, मेंदूचा झटका, मोठा अपघात, सगळ्याची सोय एका छताखाली आणि रशियनपासून अरबीपर्यंत दुभाषे. हॉस्पिटलात आलोय की हॉटेलात, असा क्षणभर संभ्रम पडावा अशी लॉबी. दरही अर्थातच वरच्या पट्टीतले. परवडत नाही म्हणून माणूस पर्याय शोधायला सी राचाकडे वळतो आणि तिथे त्याला समितिवेज आणि फायाथाई अशी दोन बडी नावं दिसतात. गंमत अशी, की ही तिन्ही हॉस्पिटलं एकाच घरची आहेत. बँकॉक डुसित मेडिकल सर्व्हिसेस ही १९६९ साली स्थापन झालेली कंपनी त्यांची मालक. तिचे संस्थापक डॉ. प्रासेर्ट प्रासार्ततोंग-ओसोत हे मूळचे सर्जन. बँकॉक एअरवेज ही विमान कंपनीही त्यांचीच. तेव्हा पाट्या तीन दिसल्या तरी दुकान एकच, हे लक्षात ठेवून दर विचारावेत. दर सारखेच असतात असं मात्र नाही. सी राचाच्या हॉस्पिटलांचं बरंचसं गिऱ्हाईक लाएम चाबांग बंदर आणि आसपासच्या कारखान्यांतल्या जपानी कुटुंबांचं आहे. जपानी मुलांची वेगळी शाळा चालावी इतकी ही वस्ती मोठी, त्यामुळे तिथे जपानी बोलणारं माणूस हमखास भेटतं.

मधल्या फळीत पट्टाया मेमोरियल, पट्टाया इंटरनॅशनल आणि जोमतिएन ही लहान खासगी हॉस्पिटलं येतात. ताप, टाके, मोडलेलं मनगट, पोटाचं दुखणं यांसाठी थेट मोठ्या लॉबीत जाऊन बसण्याची गरज नसते. दुखणं गुंतागुंतीचं निघालं तर इथून पुढे पाठवतात, आणि हृदयाच्या किंवा मेंदूच्या झटक्यात तो वेळ परवडणारा नसतो. हा हिशेब आधीच मनात करून ठेवायचा असतो.

आणि मग सरकारी दार. परदेशी लोक ते शेवटी ठोठावतात. मला विचाराल तर थोडं आधी ठोठावायला हरकत नाही. पट्टायाला बांगलामुंग हॉस्पिटल आहे, सट्टाहीपच्या बाजूला नौदलाचं राणी सिरिकित हॉस्पिटल आहे, आणि सी राचाला समुद्रालगत राणी सवांग वधना हॉस्पिटल. हे शेवटचं १९०२ साली त्या राणीनेच उभारलं आणि पुढे थाई रेड क्रॉसकडे सोपवलं. राजा भूमिबोल यांची ती आजी. तिचा मुलगा राजपुत्र महिदोल हार्वर्डला वैद्यक शिकून आला आणि आधुनिक थाई वैद्यकाचा जनक म्हणवला गेला. अशा ठिकाणी सकाळी लवकर नंबर लावावा लागतो, पाट्या बहुतेक थाई असतात आणि खोली स्वतंत्र मिळेलच असं नाही. अनेक सरकारी हॉस्पिटलांत संध्याकाळी जादा शुल्काचा 'विशेष दवाखाना' चालतो. गर्दी टाळायची ती एक वाट. खासगीत संध्याकाळी बसणारे कित्येक डॉक्टर दिवसा सरकारी नोकरीतच असतात, हेही सांगायला हवं. मात्र तीस बाटमध्ये उपचाराची जी थाई योजना जगभर नावाजली गेली, ती थाई नागरिकांसाठी. परदेशी निवृत्तांचा आणि पर्यटकांचा दर सरकारी दवाखान्यातही वेगळा, २०१९ पासून तर रीतसर श्रेण्या पाडून ठरवलेला.

म्हणजे सगळं येऊन ठेपतं पैसे कोण देणार, या प्रश्नावर. मायदेशाचा आधार इथवर पोचत नाही. अमेरिकन मेडिकेअर देशाबाहेर सहसा लागू होत नाही, आणि ब्रिटन कायमचं सोडलेल्या माणसाला तिथल्या मोफत सेवेचा हक्क राहत नाही. पन्नाशीपुढच्यांना निवृत्तीच्या आधारावर इथे राहायचं तर एक रस्ता म्हणजे थाई बँकेत ८ लाख बाट ठेवणं. पुष्कळजण म्हणतात, हाच माझा दवाखान्याचा फंड. पण नियम असा, की मुदतवाढीआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ही रक्कम पूर्ण हवी आणि एरवीही ती ४ लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे अडीअडचणीला म्हणून ठेवलेले पैसे अडचणीच्या दिवशी काढले, तर आजारी माणसाचा व्हिसाही आजारी पडतो. नियम करणाऱ्यांना हे सुचलं नसेल असं वाटत नाही.

विम्याची कथा आपल्याला नवी नाही. आधीपासूनचे आजार वगळलेले, सत्तरीनंतर हप्ता चढत जाणारा, आणि कॅशलेस म्हटलं तरी कंपनीचं हमीपत्र येईपर्यंत काउंटरवर अनामत मागितली जाण्याची शक्यता. 'ओ-ए' नावाच्या निवृत्ती व्हिसासाठी ऑक्टोबर २०१९ पासून विमा सक्तीचा झाला. बाकीच्यांपैकी कित्येकजण विम्याविनाच राहतात आणि दर महिन्याला काहीतरी बाजूला टाकतात. यात शहाणपण किती आणि नाइलाज किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

खर्च कमी करायची सर्वांत सोपी जागा औषधांची. तपासणी झाली की हॉस्पिटलच्याच फार्मसीतून पिशवी हातात येते आणि बिलाचा मोठा भाग त्या पिशवीत असतो. २०१९ मध्ये थाई सरकारने औषधं आणि वैद्यकीय सेवा किंमत-नियंत्रणाच्या यादीत घातल्या आणि खासगी हॉस्पिटलांना औषधांचे दर जाहीर करायला लावले. चिठ्ठी लिहून द्या, बाहेरून घेतो, असं म्हणता येतं. कोपऱ्यावरच्या दुकानात बहुधा फार्मासिस्ट स्वतः बसलेला असतो. भिडेपोटी गप्प राहिलात, तर ती भीड बिलात दिसते.

अपघाताचं गणित आणखी निराळं. १६६९ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक. रस्त्यावर पडलेल्याला उचलायला मात्र पुष्कळदा सावांग बोरिबून या धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवक आधी पोचतात. प्रत्येक वाहनाला सक्तीचा 'पो-रो-बो' विमा असतो, पण त्याचं वैद्यकीय संरक्षण ८०,००० बाटपर्यंतच. मोडलेल्या मांडीच्या ऑपरेशनला ते मोठ्या खासगी हॉस्पिटलात पुरत नाहीत. मुंबई-पुण्याहून चार दिवसांसाठी येणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं: खिशात फक्त चारचाकीचं लायसन्स ठेवून बीच रोडवर भाड्याची स्कूटर चालवली, तर अपघातानंतर प्रवास विमा कंपनी दावा नाकारू शकते. घरची मेडिक्लेम पॉलिसी सहसा भारताबाहेर चालत नाही.

एकट्या राहणाऱ्यांसाठी आणखी एक कागद आहे. २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याच्या कलम १२ नुसार, केवळ मरण लांबवणारे उपचार मला नकोत, असं थायलंडमध्ये लिहून ठेवता येतं. मूळ प्रत आपल्याकडे, एक हॉस्पिटलच्या फाइलीत, आणि एक शेजाऱ्याकडे द्यावी. पहाटे गाडी काढणार तो तोच.