ॲबर्डीनचं वार्तापत्र : ओटाच्या कण्या

ॲबर्डीन, डिसेंबर

डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. मी घरातून निघते ती सकाळी साडेसहाला, म्हणजे आपल्याकडच्या मध्यरात्रीसारख्या काळोखात. वृद्धनिवासातली माझी पाळी सातला सुरू होते. नवऱ्याची गाडी, मुलींची शाळा, सगळं त्याच्या मागोमाग. घरातून बाहेर पडण्याआधी चौघांच्याही पोटात काहीतरी गरम जायला हवं आणि त्यासाठी हातात असतात जेमतेम वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत मी स्वयंपाक करत नाही. तो रात्रीच झालेला असतो. शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं की रात्री खाली बसलेले दाणे फुगून वर आलेले दिसतात. वरती खिरीसारखी पातळ साय धरलेली असते, आणि चमचा घातला की खाली दाणा न् दाणा वेगळा लागतो. वास भाजक्या शेंगदाण्याच्या जवळचा. मंद आच लावायची, मीठ घालायचं, आठ-दहा मिनिटं हाटायचं. मुली याला ‘पॉरिज’ म्हणतात. मी म्हणते कण्या.

माझ्या गावी, निपाणीला फोन केला की वहिनी विचारते, “तिकडं बी ते पाकिटातलं ओट्सच खातायसा व्हय?” तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी आधी हे सांगते. आपल्याकडच्या दुकानात ‘ओट्स’ म्हणून मिळतात ते ओटाचे पोहे. टरफल काढलेला दाणा वाफेवर मऊ करून रुळांमधून चेपला की त्याचा चपटा पापुद्रा होतो. पापुद्रा जितका पातळ, तितका लवकर शिजतो. दोन मिनिटांत तयार होणारे ओट म्हणजे फार पातळ चेपलेले पोहे. स्कॉटलंडचं जुनं अन्न ते नव्हे. इथे सोललेला दाणा भट्टीवर खरपूस वाळवतात आणि पोलादी पात्यांनी त्याचे दोन-तीन तुकडे करतात. त्या तुकड्याला इथे टाचणीच्या डोक्याची उपमा देऊन ‘पिनहेड’ म्हणतात. तळहातावर घेऊन पाहिलं तेव्हा मला आमच्या घरचं धान्य पाखडायचं सूप आठवलं. या तर सरळसरळ कण्या होत्या, फक्त जोंधळ्याऐवजी ओटाच्या.

माझी आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. दिवसभर तंबाखू चाळायची, निवडायची. घरी यायची ती नाकावर बांधलेल्या पदरासकट, त्याच वासानं भरून. सकाळी लवकर वखार गाठायची म्हणजे भाकरी थापत बसायला सवड नसे. मग सुट्टीच्या दिवशी जोंधळा जात्यावर जाडसर भरडायचा, चाळून पीठ वेगळं काढायचं, कोंडा पाखडायचा आणि वर राहिलेल्या कण्या डब्यात भरून ठेवायच्या. रोज रात्री निजायच्या आधी तिचा एकच प्रश्न असे, “कण्या भिजत घातल्यास काय गं?” पलीकडची कन्नड शेजारीण त्यालाच नुच्चु म्हणायची. नावं दोन असली तरी दोन्ही घरांत ताटलीत गरम कण्या आणि शेजारी वाटीत गार ताक असंच असायचं.

स्कॉटलंडची जुनी रीतही अशीच आहे. पॉरिज गरम, दूध गार, आणि दोन्ही वेगळ्या भांड्यांत. चमच्यात गरम पॉरिज घ्यायचं, तो चमचा गार दुधात बुडवायचा आणि तोंडात घालायचा. साखर नाही, मीठ. हाटायला लाकडाची एक गोल काठी असते, तिला ‘स्पर्टल’ म्हणतात. ती उजव्या हातात धरून सूर्याच्या दिशेनं, म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो तशी फिरवायची. जुन्या स्कॉट बोलीत पॉरिज अनेकवचनी आहे. ‘ते शिजलं’ नव्हे, ‘ते शिजले’ असं जुनी माणसं बोलतात. आपल्या कण्याही शिजतात त्या अनेकवचनातच. असं बोलणाऱ्यांना पातेल्यात लगदा नव्हे, दाणे दिसत असावेत.

या देशात ओट का, याचं उत्तर आभाळाकडे पाहिलं की मिळतं. थंड, ओला, कमी उन्हाचा उन्हाळा, आम्लधर्मी माती. गव्हाला हे मानवत नाही, ओटाला मानवतं. मार्च-एप्रिलमध्ये पेरायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात कापायचा. कमी पावसात जोंधळा जसा तग धरतो, तसा कमी उन्हात ओट. ज्या मातीत जे टिकलं त्यावर तिथल्या कष्टकऱ्यांची पोटं भरली.

आपल्याकडे सालगड्याला पैशाबरोबर वर्षाचं धान्य ठरवून द्यायचे. इथल्या शेतगड्यांनाही एकोणिसाव्या शतकात मजुरीचा एक भाग ओटाच्या भरडीत मिळे. तिचं माप होतं ‘बोल’. एक बोल म्हणजे १४० पौंड, सुमारे साडेत्रेसष्ट किलो. वर्षाला साडेसहा बोल हे बऱ्याच ठिकाणचं ठरलेलं माप होतं, म्हणजे एका माणसाला चारशे किलोंच्या वर. बिनलग्नाचे गडी शेतावरच्या खोपटांत एकत्र राहत. पहाटे जनावरांचं उरकायचं, मग लाकडी वाडग्यात भरड, मीठ आणि वरून उकळतं पाणी. याला ‘ब्रोज’ म्हणत. शिजवायलाही वेळ नसलेल्या माणसाचं ते जेवण.

ज्यांच्या घरी चूल होती ते पॉरिज एकदाच मोठ्या पातेल्यात करत. आमच्या वृद्धनिवासातल्या एक आजी याच मुलखातल्या शेतावर वाढलेल्या, आता नव्वदीच्या पुढे. त्या सांगतात, उरलेलं पॉरिज फडताळाच्या लाकडी खणात ओतायचे, थंड झालं की ते थिजायचं, मग सुरीनं वड्या पाडून शेतावर न्यायच्या. त्यांनी हातानं वडीचा आकार दाखवला. आपण थापीव पिठल्याची वडी दाखवतो तेवढाच.

जुन्या विद्यापीठांत फेब्रुवारीत एका सोमवारी सुट्टी असे, तिचं नाव ‘मील मंडे’, म्हणजे भरडीचा सोमवार. गावाकडून आलेल्या गरीब विद्यार्थ्यांनी घरी जाऊन ओटाचं पोतं परत भरून आणावं म्हणून ती सुट्टी, असं सांगतात. हे ऐकलं तेव्हा मला देवचंद कॉलेजचे दिवस आठवले. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. आम्ही राहायचो निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. खेड्यातून आलेल्या मुलांचे डबे एसटीतून येत. फडक्यात बांधलेली भाकरी, कोरड्यास, ठेच्याची पुडी. गावाकडच्या धान्यावर शिकणं ही गोष्ट दोन्ही मुलखांना माहीत आहे.

सगळ्यात जवळची वाटली ती ‘सोवन्स’. ओट दळताना टरफलाला चिकटून राहिलेलं पीठ वाया जाऊ नये म्हणून कोंडा पाण्यात भिजत घालायचा. काही दिवसांनी पाणी आंबतं. ते गाळायचं, खाली बसलेला साका वेगळा काढायचा आणि मीठ घालून शिजवायचा. ही आपली आंबीलच. फरक एवढाच की निपाणीच्या उकाड्यात आंबील एका रात्रीत आंबते, इथल्या थंडीत सोवन्सला आठवडाभर लागतो.

गरिबांच्या ताटाचा हा प्रश्न पुढे ॲबर्डीनमध्येच अभ्यासाचा विषय झाला. १९१३ साली इथे रोवेट ही आहारसंशोधनाची संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ साली उत्पन्न आणि आहार यांची सांगड घालून दाखवलं, की ब्रिटनमधल्या गरिबांना पोटभर चांगलं खायला मिळत नाही. पुढे १९४५ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे पहिले महासंचालक झाले आणि १९४९ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. माणसाच्या ताटात काय आहे हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे या गावातल्या माणसानं जगाला सांगितलं.

आता खुद्द ओटाकडे. त्यातल्या गुणाचं नाव आहे बीटा-ग्लुकन. पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा हा तंतू दाण्यात साधारण चार टक्के असतो. पॉरिजला जी खिरीसारखी दाटी येते ती मुख्यतः त्याची आणि पिठाची. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर हृदयविकाराचा धोका कमी व्हायला मदत होऊ शकते, असं पाकिटावर लिहिण्याची परवानगी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं १९९७ साली दिली. दाणा जाड असेल तर तो पोटात सावकाश फुटतो, साखर रक्तात हळू उतरते आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. पाळीवर सहा-सहा तास उभं राहणाऱ्या बाईला याची किंमत कळते.

आता कृती. एक वाटी पिनहेड कोरड्या पातेल्यात दोन-तीन मिनिटं परतायचे, वास सुटेपर्यंत. त्यावर चार वाट्या उकळतं पाणी घालायचं, एक उकळी येऊ द्यायची, आच बंद करून घट्ट झाकण लावायचं आणि निजायचं. थेट सकाळी शिजवायचे म्हटले तर यांना अर्धा तास लागतो. रात्री पाण्यानं दाण्याच्या गाभ्यापर्यंत वाट केलेली असते, म्हणून सकाळी दहा मिनिटं पुरतात. आजी म्हणायची, “रातचं पाणी काम करतंय, आपुन निजायचं.”

दुसरा मार्ग मंद आचेच्या विजेच्या भांड्याचा, म्हणजे स्लो कुकरचा. हे भांडं आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी माणसाचं. १९४० साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवत नसत, म्हणून आदल्या दिवशी मांस, कडधान्य आणि बटाट्याची हंडी बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून द्यायचे. ती गोष्ट त्यानं आईकडून ऐकली होती, त्यावरून त्याला हे भांडं सुचलं. पहिल्या खेपेला मी कण्या थेट त्या भांड्यात घातल्या तर सकाळी कडेला करपलेली पापडी आणि मध्ये लापशी. मग आपल्या कुकरची रीत वापरली. खाली दोन बोटं पाणी, त्यात ठेवलेल्या काचेच्या वाडग्यात एक वाटी कण्या आणि चार वाट्या पाणी, आच सगळ्यात कमी, सात ते आठ तास. आता कड करपत नाही.

तिसरा मार्ग त्या आजींच्या खणाचा. रविवारी मोठं पातेलं करायचं, उरलेलं डब्यात ओतून लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं. तीन दिवस चालतं. सकाळी वडी कापायची, थोडं पाणी घालून मोडायची, चांगली वाफ येईपर्यंत गरम करायची.

निपाणीकरांनी एक लक्षात ठेवावं. रात्रभर ओट्यावर पातेलं ठेवण्याची रीत इथल्या गारठलेल्या स्वयंपाकघराची आहे. एप्रिल-मे महिन्यांत तुमच्याकडे ते पहाटेपर्यंत आंबेल. उन्हाळ्यात कण्या नुसत्या पाण्यात घालून फ्रिजमध्ये भिजवा, नाहीतर रुंद तोंडाचा थर्मास आधी गरम पाण्यानं विसळून त्यात उकळत्या पाण्याबरोबर घाला. आणि ओटच हवेत असं मुळीच नाही. आपल्या जोंधळ्याच्या कण्यांना हीच रीत लागू पडते. गिरणीवाल्याला सांगा, पीठ नको, भरड हवी.

इथे हे अन्न मानानं जपलं जातं. केर्नगॉर्म डोंगरांतल्या कॅरब्रिज नावाच्या लहानशा गावात १९९४ पासून पॉरिजची जागतिक स्पर्धा भरते. मुख्य बक्षीस सोनेरी स्पर्टलचं. त्यासाठी पातेल्यात तीनच जिन्नस घालता येतात, ओटाची भरड, पाणी आणि मीठ. जिंकतो तो आच, वेळ आणि हात ओळखणारा. याच देशात उभ्या राहिलेल्या ‘मेरीज मील्स’ या संस्थेमुळे १० ऑक्टोबर हा पॉरिजचा दिवस मानला जातो. मलावीतल्या शाळकरी मुलांना ती मका आणि सोयाबीनची लापशी देते. गरीब पोराला शाळेत टिकवायचं तर आधी त्याच्या वाटीत गरम काहीतरी पडायला हवं, हे तिला कळलं आहे.

वहिनी म्हणते, कण्या हे जुन्या, रिकाम्या माणसांचं खाणं, आता वेळ कुणाला आहे. मला हे पटत नाही. आजीला वेळ नव्हता. वखारीतल्या बायकांना नव्हता, खोपटातल्या गड्यांना नव्हता. सावकाश शिजणारं हे अन्न घाईतल्या माणसांनीच घडवलं. सकाळ त्यांच्या हातात नव्हती, म्हणून त्यांनी रात्र कामाला लावली. दोन मिनिटांच्या पाकिटात आपण सकाळची दहा मिनिटं वाचवतो आणि अकरा वाजता पुन्हा भुकेले होतो. रात्रीची पाच मिनिटं दिली तर सकाळही मिळते आणि दुपारही.

काल पाळी संपवून निघताना त्या नव्वदीच्या आजींचं पांघरूण सारखं केलं. त्यांनी माझा हात धरला आणि त्यांच्या जुन्या बोलीत विचारलं, आज रात्री ते भिजत घालणार ना? अनेकवचनी. मी हो म्हटलं. घरी आले, मुली निजल्यावर पातेलं काढलं आणि वाटीभर कण्या परतायला घेतल्या.