राणीची कृपा नव्हे, रखमाबाईंचा नकार!

वर्सोव्याच्या वस्तीत महिलांची बैठक घेतली की आम्हाला हमखास विचारले जाते, "साहेब, नवऱ्याने नांदायला येण्याची नोटीस पाठवलीय. नाही गेले तर पोलीस धरून नेतील काय?"

नाही, ताई. पण एके काळी तुरुंग होता. सुतार समाजातील रखमाबाईंचे अकराव्या वर्षी लग्न लावले गेले. मोठेपणी त्यांनी नांदायला नकार दिला. मार्च १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने बजावले, नांदा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. टिळकांचा 'केसरी' त्यांच्याच विरोधात उभा राहिला.

व्हिक्टोरिया राणीने ते लग्न मोडले, ही कथा आजही सांगतात. वस्तुस्थिती अशी की, १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. गादीवर बाई बसली म्हणून खालच्या बाईला न्याय मिळत नसतो!

कैदेची तरतूद १९२३ मध्ये गेली. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ कायम आहे, आणि तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम वैध ठरवले.

म्हणून भगिनींनो, नोटीस आली तर भिऊन नांदायला जाऊ नका, घरी बसूनही राहू नका. मुदतीत कोर्टात उत्तर दाखल करा. जयभीम!