पावहस्का : भूगर्भाच्या मालकीचे गाव

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, टल्सा शहराच्या वायव्येस, उंच गवताने आच्छादिलेल्या टेकड्यांच्या प्रदेशात पावहस्का हे गाव वसले आहे. ओसेज राष्ट्राची राजधानी आणि ओसेज कौंटीचे मुख्य ठाणे असा दुहेरी मान त्याला आहे. आणि जमिनीचा हक्क कसा राखला जातो व कसा लुबाडला जातो, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने या गावाचा इतिहास अवश्य अभ्यासावा.

एके काळी मिसुरी, आर्कान्सा आणि कॅन्ससच्या विस्तीर्ण मुलखावर सत्ता असलेल्या ओसेजांना अमेरिकन सरकारने १८०८ पासून तहामागून तह लादून मागे रेटले. शेवटी कॅन्ससमधील जमिनीच्या विक्रीतून आलेल्या स्वतःच्या पैशाने त्यांनी १८७२ साली चेरोकींच्या मुलखापैकी सुमारे पंधरा लक्ष एकर जमीन विकत घेतली. ती खडकाळ व नांगराला दाद न देणारी असल्यामुळे तिच्यावर गोऱ्यांचा डोळा जाणार नाही, अशी त्यांच्या वडीलधाऱ्यांची अटकळ होती. ही काही सरकारी मेहेरबानीने मिळालेली इनाम जमीन नव्हती. ती रोख मोल देऊन घेतलेली होती, आणि पुढच्या वाटाघाटींत हाच मुद्दा त्यांचे बळ ठरला.

१८९७ मध्ये येथे तेल लागले. पुढे १९०६ साली सामाईक जमिनीच्या वाटणीचा कायदा झाला, तेव्हा प्रमुख जेम्स बिगहार्ट आणि त्यांचे सहकारी यांनी अशी तजवीज करून घेतली की, जमीन नोंदलेल्या २,२२९ व्यक्तींत, दरडोई सुमारे ६५७ एकरांप्रमाणे, वाटली जावी. परंतु तिच्या पोटातील तेल, वायू व खनिजे यांची मालकी अविभक्त, समस्त जमातीचीच राहावी. या उत्पन्नातील प्रत्येकाच्या हिश्शाला ‘हेडराइट’ म्हणतात.

गावातील टेकडीवर एका एल्म वृक्षाखाली तेलाच्या पट्ट्यांचे लिलाव भरू लागले. कर्नल वॉल्टर्स बोली पुकारीत, फिलिप्स, स्केली, गेटी यांच्यासारखे तेलाचे धनी चढाओढ करीत, आणि १६० एकरांच्या एका तुकड्यासाठी बोली दहा लक्ष डॉलरांच्या पलीकडे जाई. १९२३ साली जमातीचे उत्पन्न तीन कोटी डॉलरांवर गेले.

परंतु ज्यांचे हे धन, त्यांपैकी अनेकांना स्वतःचा पैसा सांभाळण्यास अपात्र ठरवून सरकारने त्यांच्यावर गोरे पालक नेमले, आणि त्या पालकांपैकी कित्येकांनी राजरोस अपहार केला. हेडराइट वारसाहक्काने परक्याकडेही जाऊ शकत असल्यामुळे विवाह आणि वध हे धनप्राप्तीचे मार्ग झाले. विल्यम हेल या प्रतिष्ठित पशुपालकाच्या भाच्याशी मॉली या ओसेज स्त्रीचा विवाह झाला होता. १९२१ मध्ये तिची बहीण अॅना गोळी घालून मारली गेली. १९२३ मध्ये फेअरफॅक्स येथे दुसरी बहीण रीटा हिचे राहते घर स्फोटाने उडविण्यात आले. या हत्यासत्राचा सूत्रधार ठरलेल्या हेलला अखेर जन्मठेप झाली; मात्र या खुनांच्या तपासाचा खर्चही जमातीच्याच पैशातून भागविण्यात आला.

१९३८ पासून चालू असलेले ओसेजांचे संग्रहालय याच गावात आहे. तेथील १९२४ च्या एका लांबलचक समूहचित्राचा एक भाग कापून काढलेला होता. कारण त्या भागात, आपल्या बळींच्याच समाजात निर्धास्तपणे मिसळून, हेल उभा होता.

२०११ साली सरकारने जमातीच्या निधीच्या गैरव्यवस्थेबद्दल ३८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तथापि हेडराइटांचा सुमारे चौथा हिस्सा आजही ओसेजेतर व्यक्ती व संस्था यांच्या ताब्यात आहे. पूर्वजांनी दूरदृष्टीने अविभक्त राखलेली ही ठेव तिच्या खऱ्या वारसांकडे परत आली पाहिजे. तोपर्यंत पावहस्काला न्याय मिळाला असे म्हणता येणार नाही.