हिरव्या कोटातली राणी

मित्रांनो, मे महिन्याची सुट्टी म्हणजे चंगळ! आणि समजा, २०११ सालच्या अशाच एका सुट्टीत आई-बाबांनी तुम्हाला आजोळी न नेता थेट आयर्लंडला नेलं असतं तर? मावशी आणि काका तिथं नोकरीला आहेत, त्यांनी आग्रहानं बोलावलंय, म्हणून हा योग. मुक्काम कुठे? डब्लिनला, म्हणजे आयर्लंडच्या राजधानीत. शहराच्या मधोमध लिफी नदी वाहते आणि गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूनं पळतात.

१७ मेच्या सकाळी तुम्ही यादी करून बाहेर पडता. ट्रिनिटी कॉलेजमधलं 'बुक ऑफ केल्स' हे सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचं सुंदर हस्तलिखित बघायचं. मग फिनिक्स पार्कमधलं प्राणिसंग्रहालय. मग ओकॉनेल स्ट्रीटवर भटकायचं. पण मुख्य रस्त्यावर येता तो काय? जिकडे तिकडे लोखंडी अडथळे! पावला-पावलावर पोलीस. गटारांची झाकणंसुद्धा तपासून मोहोरबंद केलेली. भानगड काय, तर इंग्लंडची राणी एलिझाबेथ आजच चार दिवसांच्या भेटीला येतेय. दुपारी ती नेमकी ट्रिनिटी कॉलेजातच जाणार आहे आणि 'बुक ऑफ केल्स'ही बघणार आहे!

"हात्तिच्या! म्हणजे आपली सहल बुडाली?" धाकटी बहीण भोकाड पसरायच्या बेतात असते. "निदान राणी तरी बघायला मिळेल ना?" तुम्ही विचारता. काका मान हलवतात. लोकांना फार दूर अडवून धरलंय. डब्लिनमध्ये राहूनसुद्धा राणी बघायची ती टीव्हीवरच.

आता प्रश्न असा, की पाहुणीला एवढं का जपायचं? लंडनहून डब्लिन विमानानं जेमतेम तासाभरावर. म्हणजे शेजारचंच घर की! पण या शेजारघरी इंग्लंडचा राजा किंवा राणी येऊन थोडीथोडकी नाही, तब्बल शंभर वर्षं झाली होती. आधी आले होते ते एलिझाबेथचे आजोबा पंचम जॉर्ज, १९११ च्या जुलैमध्ये. हे नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर! त्याच वर्षी डिसेंबरात ते मुंबईला उतरले. त्याची आठवण म्हणून पुढे 'गेटवे ऑफ इंडिया' उभा राहिला.

१९११ साली आयर्लंड ब्रिटिशांच्या ताब्यात होता. स्वतःचा कारभार स्वतः करण्याची मागणी आयरिश लोक कितीतरी वर्षं करत होते. त्या मागणीचं नाव होतं 'होमरूल'. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, तो शब्द आयर्लंडमधूनच आलेला. आणि योगायोग बघा, त्याच महिन्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला! ओकॉनेल स्ट्रीटवरचं मोठं पोस्ट ऑफिस बंडवाल्यांनी ताब्यात घेतलं. उठाव मोडला गेला, पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या पोस्टाच्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. पुढे स्वातंत्र्याचं युद्ध झालं आणि १९२२ साली बेटाचा बहुतेक भाग स्वतंत्र झाला. उत्तरेकडचा तुकडा मात्र ब्रिटनकडेच राहिला.

एवढं ऐकून तुम्ही मावशीबरोबर मागच्या गल्लीबोळांतून घरी निघता, तेव्हा वाटेत टपालाची एक पेटी दिसते. रंग हिरवागार. जवळ जाऊन बघा. काही जुन्या पेट्यांवर हिरव्या रंगाखाली मुकुट आणि इंग्लंडच्या राजाराणीची आद्याक्षरं उमटलेली दिसतात. स्वातंत्र्य मिळाल्यावर आयरिश लोकांनी लाल पेट्या फोडून टाकल्या नाहीत. रंग बदलला आणि वापरत राहिले. आपण नाही का, व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत तशीच ठेवून १९९६ साली तिला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं, तसंच!

विमानतळाचं नाव काय?

दुपारी सगळे टीव्हीपुढे बसा. राणीचं विमान उतरतंय. दार उघडतं, आणि पंच्याऐंशी वर्षांची राणी बाहेर येते ती हिरवा कोट आणि हिरवी टोपी घालून! हिरवा हा आयर्लंडचा आवडता रंग. तोंडातून शब्द काढण्याआधीच राणीनं निम्मं बोलून टाकलं म्हणायचं.

आणि ती उतरली तो विमानतळ कोणता? लष्कराचा, केसमेंट नावाचा. रॉजर केसमेंट हे १९१६ च्या उठावासाठी शस्त्रं मिळवायला धडपडले, म्हणून ब्रिटिशांनी त्यांना लंडनमध्ये फाशी दिलं. त्यांच्याच नावाच्या धावपट्टीवर आज ब्रिटनची राणी उतरली होती.

त्यानंतर ती गेली स्मृती-उद्यानात. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी प्राण देणाऱ्यांच्या आठवणीसाठी ही बाग १९६६ साली उघडली. तिथं एक मोठं शिल्प आहे. लीर नावाच्या राजाच्या चार मुलांना सावत्र आईनं शाप देऊन नऊशे वर्षांसाठी हंस बनवलं, अशी जुनी आयरिश दंतकथा आहे. त्या मुलांचं हे शिल्प. त्याच्यासमोर राणीनं पुष्पचक्र वाहिलं, एक पाऊल मागे आली आणि मान झुकवली.

बस्स, काही क्षणच. पण टीव्हीपुढे बसलेले कितीतरी आयरिश लोक गप्प झाले. ज्यांनी तिच्या आजोबांच्या राज्याविरुद्ध बंदुका उचलल्या, त्यांच्यापुढे ती वाकली होती.

दुखणं दोन्हीकडचं

सगळ्यांनाच हे आवडलं असं समजू नका. काहींनी रस्त्यावर निदर्शनं केली. आदल्या रात्री डब्लिनकडे येणाऱ्या एका बसमध्ये बाँब सापडला, तो लष्करानं निकामी केला. आता कळलं ना, झाकणं मोहोरबंद का होती ते?

लोकांच्या मनात राग का होता, हे समजायला दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम बघा. राणी गेली क्रोक पार्कला. हे भलंमोठं मैदान, ऐंशी हजारांहून जास्त प्रेक्षक मावतात. २१ नोव्हेंबर १९२० ला सकाळी आयरिश बंडखोरांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना घरात शिरून ठार केलं होतं. त्याच दुपारी या मैदानावर गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. चौदा जण गेले. त्यांत एक खेळाडू होता, आणि दहा, अकरा आणि चौदा वर्षांची तीन मुलं होती. तुमच्याच वयाची! जालियनवाला बाग आठवली ना? ती घटना याच्या दीडच वर्ष आधीची. तिथंही हीच राणी १९९७ साली गेली होती आणि तिनं पुष्पचक्र वाहिलं होतं.

पण दुखणं एकाच बाजूला नव्हतं. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे राणीच्या यजमानांचे सख्खे मामा. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुट्टीला आले होते. आय.आर.ए. या संघटनेनं त्यांच्या होडीत बाँब ठेवला. माउंटबॅटन गेले, आणि त्यांच्याबरोबर होडीतली चौदा आणि पंधरा वर्षांची दोन मुलंही गेली. ती मुलंही सुट्टीवरच होती. उत्तर आयर्लंडच्या या संघर्षात तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसं मेली. १९९८ साली समझोता झाला, तेव्हा कुठे हे थांबलं.

म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंना हिशेब मांडून बसता आलं असतं. तुमचे किती, आमचे किती! मग काय झालं?

जेवणाआधीचे पाच शब्द

१८ मेच्या रात्री डब्लिन कॅसलमध्ये शाही मेजवानी होती. याच किल्ल्यातून ब्रिटिशांनी आयर्लंडवर कित्येक शतकं राज्य केलं. राणी भाषणाला उभी राहिली आणि पहिले शब्द चक्क आयरिश भाषेत बोलली. शब्द पाचच. अर्थ साधाच, "राष्ट्राध्यक्ष महोदया आणि मित्रहो." शेजारी बसलेल्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांना इतकं नवल वाटलं, की त्यांच्या तोंडून "वॉव!" निघून गेलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. जी भाषा ब्रिटिश राजवटीत मागे पडत गेली, तीच राणीच्या तोंडी!

पुढे ती म्हणाली, की आज मागे वळून बघताना वाटतं, काही गोष्टी वेगळ्या रीतीनं करायला हव्या होत्या, काही तर करायलाच नको होत्या. भूतकाळापुढे मान झुकवावी, पण त्यानं आपल्याला बांधून ठेवू नये, असंही तिनं सांगितलं. सरळ शब्दांत माफी तिनं मागितली नाही. काहींना ते खटकलं, आणि ते खटकणं आपण समजून घ्यायला हवं.

आता तुमच्या सहलीचं बघू. राणीचा शेवटचा दिवस होता २० मे, दक्षिणेतल्या कॉर्क शहरात. डब्लिनहून आगगाडीनं सुमारे अडीच तास. तुम्हीही तिकडे गेलात तर नशीब फळफळेल! तिथल्या जुन्या 'इंग्लिश मार्केट'मध्ये एका मासेवाल्यानं थट्टा केली आणि राणी खळखळून हसली. तो फोटो जगभर गाजला. बाहेर आल्यावर ती गाडीत न बसता, कार्यक्रमात नसताना, रस्ता ओलांडून लोकांकडे गेली. चार दिवसांत पहिल्यांदाच माणसं आणि राणी हाताच्या अंतरावर आली. बहिणीला खांद्यावर घ्या, दिसेल तिला!

२०१४ साली आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी लंडनला परतभेट दिली. आयरिश राष्ट्राध्यक्षांची ब्रिटनला ही पहिलीच शाही भेट. राणी एलिझाबेथ सप्टेंबर २०२२ मध्ये वारली. पण त्या दोन शेजाऱ्यांमधलं जाणं-येणं चालूच राहिलं.

दोस्तांनो, तुमच्याही गावात कधी मोठा पाहुणा येईल, रस्ते बंद होतील आणि सहल बुडेल. तेव्हा चडफडायच्या आधी एवढं करा. पाहुण्याचे कपडे, गाड्या, अंगरक्षक तर सगळेच बघतात. तुम्ही हे बघा, की तो कुठल्या जागी थांबला, कोणासमोर वाकला आणि कोणाच्या भाषेत बोलला. मग घरी येऊन त्या जागेची गोष्ट शोधून काढा. सहल वाया गेली असं म्हणणारच नाही तुम्ही!