बालाघाटातील धाराशिव : नाव आणि लेणी

पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला आलेल्या आपल्या कुटुंबांतील मुले हमखास विचारतात, "आपल्या गावाला हे नाव कसे पडले?" बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या धाराशिवबद्दल हा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर थोडे लांबचे आहे, पण ते प्रत्येक घरात सांगावे असे आहे.

गावातील प्रचलित कथा अशी : धारासुर नावाचा दैत्य होता, त्याला देवीने मारले, आणि त्यावरून गावाला नाव मिळाले. धारासुरमर्दिनीचे मंदिर आजही गावात आहे. ही लोककथा झाली. ती कथा म्हणून ऐकावी, इतिहास म्हणून नव्हे.

पुढे निजामाच्या अमलात धाराशिवचे उस्मानाबाद झाले. सातवे निजाम मीर उस्मान अलीखान यांच्यावरून हे नाव दिले गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, तरी कागदोपत्री उस्मानाबाद राहिले. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र धाराशिवच होते. अखेर २०२३ साली धाराशिव हे नाव अधिकृत झाले.

नावे बदलली, पण डोंगर बदलला नाही. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर धाराशिवची लेणी आहेत. त्यांतील क्रमांक दोनचे लेणे सर्वांत मोठे. त्याचा सभामंडप सुमारे ८० फूट लांब-रुंद असून भोवती राहण्याच्या खोल्या कोरलेल्या आहेत. अजिंठ्याच्या विहारांशी त्याची रचना जुळते.

ही लेणी मुळात कोणाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण म्हणतात, ती आरंभी बौद्ध होती व नंतर जैनांकडे गेली. काहींच्या मते ती पहिल्यापासून जैनच आहेत. 'करकंडचरिउ' या अपभ्रंश भाषेतील जैन काव्यात तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्याची कथा येते. हे तेरापूर म्हणजे तेरणा नदीकाठचे आजचे तेर.

तेरच्या बाबतीत पुरावा अधिक स्पष्ट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात तगर नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावाहून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जाई. तगर म्हणजेच तेर. तेथील उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले आहेत. तेथील त्रिविक्रम मंदिरही मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात.

याचा आपल्याशी संबंध काय? आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. गावाच्या इतिहासात त्यांचे नाव कोणी लिहिले नाही. पण ज्या मातीत ते राबले, तिचा इतिहास आपलाही आहे. मात्र तो सांगताना जेवढा पुरावा, तेवढेच बोलावे. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते स्वतःच्या दाव्यांनाही लागू आहे.

तेव्हा सुट्टीत गावी जाल, तर मुलांना तेर व धाराशिवची लेणी जरूर दाखवा. भिंतीवर नाव कोरू नका, मूर्तीला रंग लावू नका. आणि आपल्या वस्तीचे, ओढ्याचे, माळाचे नाव कसे पडले, हे घरातील वृद्धांना आजच विचारून वहीत लिहून ठेवा. ती माणसे गेली की ती नावेही जातील.